सव्वा लाखाचा एक रुपया: स्वल्पविराम, दंड आणि परभणीची एक यादी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना घेतलेले श्वास आणि चहाचे घोट वगळले आहेत, बाकी जसंच्या तसं.)

बसमध्ये असाल, शेतात असाल, नाहीतर अभ्यासाच्या नावाखाली मोबाइल घेऊन गच्चीवर असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात राजे नाहीत, लढाया नाहीत. आजचा नायक तुमच्या कीबोर्डवर 'एम'च्या शेजारी बसलेला असतो. स्वल्पविराम. कॉमा म्हणा.

आणि गोष्ट सुरू होते माझ्याच एका चुकीपासून.

काही वर्षांपूर्वी मी परभणीत बसून छोटीमोठी सॉफ्टवेअरची कामं करायचो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेचं काम आलं. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. त्यांच्याकडं ठेवीदारांची यादी एक्सेलमध्ये होती. ती त्यांनी सीएसव्ही फाइल म्हणून काढायची, माझ्या वेबपानावर अपलोड करायची, आणि माझ्या प्रोग्रामनं एकेक ओळ वाचून डेटाबेसात टाकायची. दोन दिवसांचं काम. मी एका दिवसात उरकलं आणि स्वतःवर खूश झालो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "दादा, जरा या बरं लवकर." गेलो. काउंटरसमोर एक मावशी उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, रुमालात गुंडाळलेलं पासबुक हातात. आणि स्क्रीनवर त्यांच्या नावापुढं ठेव दिसत होती: १ रुपया.

"माझे सव्वा लाख कुठं गेले रे बाबा?"

आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागला. दोन हंगामांच्या कापसाचे आणि एका म्हशीचे पैसे होते ते.

झालं काय होतं, सांगतो. सीएसव्ही म्हणजे साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक माणूस, आणि त्याची माहिती कॉमांनी वेगळी केलेली: नाव, गाव, खाते क्रमांक, रक्कम. मी प्रोग्रामला सांगितलं होतं, 'कॉमा दिसला की तोड.' आता सव्वा लाख आपण कसे लिहितो? १,२५,००० असे. त्या आकड्यातच दोन कॉमा आहेत! प्रोग्रामनं ते तोडले. १ वेगळा, २५ वेगळे, ००० वेगळे. रकमेच्या रकान्यात पहिला तुकडा बसला. एक रुपया.

एक्सेलनं खरं तर काळजी घेतली होती. ज्या मजकुरात कॉमा आहे त्याच्या दोन्ही बाजूंना त्यानं दुहेरी अवतरणचिन्हं लावली होती: "१,२५,०००". अर्थ असा की 'या अवतरणाच्या आत जे आहे ते तोडू नको, तो एकच माल आहे.' पण माझ्या प्रोग्रामला अवतरण म्हणजे काय ते मी शिकवलंच नव्हतं. उलट 'आकड्याच्या आजूबाजूला कचरा दिसला तर पुसून टाक' एवढं शिकवलं होतं. त्यानं कॉमावर तोडलं आणि अवतरण कचरा समजून पुसलं. म्हणजे पुरावाही गेला.

पैसे कुठंच गेले नव्हते. मूळ फाइल शाबूत होती, पासबुक शाबूत होतं. पण ते मला माहीत होतं, त्यांना नाही. मी दुरुस्ती करेपर्यंत मावशी तीन तास बाकड्यावर बसून राहिल्या. पाणी दिलं तर नको म्हणाल्या.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून आजोबांची पेटी उघडली.

वहीतला सव्वा

माझे आजोबा मानवतच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. त्यांच्या दोन-तीन वह्या घरात अजून आहेत. काही पानं मोडीत, काही बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत. मला मोडी अडखळत वाचता येते.

मोडी लिहायची रीत तुम्हाला माहीत असेल. आधी पानावर डावीकडून उजवीकडं आडवी रेघ मारून घ्यायची, मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची. बोरू शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळं दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, आणि विरामचिन्हं तर जवळजवळ नव्हतीच. शब्द कुठं संपला ते वाचणाऱ्यानं अर्थावरून ओळखायचं.

मोडी म्हटलं की सगळ्यांना 'ध चा मा' आठवतो. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असं लिहिलेलं पत्र 'मारावे' झालं अशी ती आख्यायिका. नारायणरावांचा खून खरा, ३० ऑगस्ट १७७३ चा. पत्राची गोष्ट लोकांनी सांगत सांगत आपल्यापर्यंत आणलेली. पण ती अक्षर बदलण्याची गोष्ट आहे. आज आपण बोलतोय त्यात एकही अक्षर बदलत नाही. फक्त तोडायची जागा बदलते, आणि अर्थ उलटा होतो. शाळेत हिंदीच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलेलं आठवा: 'रोको मत जाने दो'. कॉमा 'रोको'च्या पुढं टाकला तर माणूस अडकला, 'मत'च्या पुढं टाकला तर सुटला.

मग हिशेबाच्या वहीत काय करायचे? तिथं तर असा गोंधळ परवडणारच नाही. तर तिथं शब्दांच्या मध्ये चिन्ह टाकायच्या ऐवजी पानालाच उभ्या घड्या घालायचे. घडीनं पानाचे रकाने पडायचे. या रकान्यात जमा, त्या रकान्यात नावे, पलीकडं तपशील. आता विचार करा, ही घडी किती हुशारीची आहे. ती शाईनं लिहिलेली नाही. म्हणजे ती मजकुरात चुकून येऊच शकत नाही! कुणाच्या नावात घडी नसते, कुणाच्या रकमेत घडी नसते. दोन गोष्टी वेगळ्या करणारं चिन्ह असंच पाहिजे, जे त्या गोष्टींच्या आत कधीच सापडणार नाही. कॉमा या परीक्षेत नापास होतो, घडी पास.

वही चाळता चाळता एका जागी थांबलो. रकमेच्या रकान्यात लिहिलं होतं: १।

एकाच्या पुढं एक उभा दंड. म्हणजे सव्वा.

तरुण मंडळींनी हे पाहिलेलं नसेल, म्हणून सांगतो. रुपयाचे १६ आणे होते तेव्हा पाव, अर्धा, पाऊण या भागांना उभ्या रेघा वापरायचे. एक रेघ म्हणजे पाव, चार आणे. दोन रेघा म्हणजे अर्धा, आठ आणे. तीन म्हणजे पाऊण, बारा आणे. म्हणजे १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. सुट्या आण्यांना अजून बारक्या रेघा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि हळूहळू या रेघा व्यवहारातून गेल्या. बोलण्यात मात्र सव्वा, दीड, अडीच, पावणे अजून ठणठणीत आहेत. मावशी 'एक लाख पंचवीस हजार' म्हणाल्या नव्हत्या. सव्वा लाख म्हणाल्या होत्या.

आणि गंमत बघा. त्याच पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं ॥ श्री ॥. तीच दोन दंडांची खूण, पण तिथं तिचा अर्थ 'अर्धा' नाही. अभंगाचा चरण संपला की एक दंड, कडवं संपलं की दोन दंड आणि त्यात क्रमांक. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग कुठल्याही गाथेत उघडा, हेच दंड दिसतील. म्हणजे एकच चिन्ह. पोथीत ते दोन गोष्टी वेगळ्या करतं, वहीत ते स्वतःच एक गोष्ट आहे, चार आणे आहेत. आजोबांचा गोंधळ होत नव्हता, कारण ते चिन्ह कुठल्या रकान्यात आहे हे त्यांना दिसत होतं.

तेव्हा मला पटलं, माझी चूक काही नवी नव्हती. 'हे चिन्ह माल आहे की मालाच्या मधलं कुंपण?' हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मोंढ्यातल्या मुनिमालाही होता. फरक एवढाच की त्याला उत्तर माहीत होतं. माझ्या प्रोग्रामनं ते गृहीत धरलं.

कॉमा आपल्याकडं आला कुठून?

आता कॉमाकडं येऊ. मराठी छापील मजकुरात विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज माणसाला दिलं जातं. १८०४ ते १८७७ हा त्यांचा काळ. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते, पुढं १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोशही आला. शाळेची पुस्तकं तयार होऊ लागली तेव्हा स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही मंडळी इंग्रजीतून मराठीत येऊन बसली.

पण हे सगळं पुण्या-मुंबईकडं. आपण परभणीकर तेव्हा होतो निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याआधी संस्थानाचा सरकारी कारभार उर्दूत. १९१८ मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शिक्षणाचं माध्यमच उर्दू होतं. म्हणून मराठवाड्यातल्या जुन्या महसुली कागदांत उर्दू भेटते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचू शकणाऱ्या माणसांना एकदम किंमत आली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. एका नोंदीवर घरातल्या पोराचा दाखला अवलंबून. आणि ती नोंद वाचता येणं कशावर? तर लिहिणाऱ्यानं कुठल्या रीतीनं लिहिलं ते माहीत असणाऱ्या माणसावर.

बरं, उर्दूतही कॉमा असतो. पण तो उलटा दिसतो: ، असा. डोळ्याला तो कॉमाचा भाऊ वाटतो. संगणकाच्या दृष्टीनं ते संपूर्ण वेगळं अक्षर आहे, युनिकोडमधला त्याचा क्रमांकच निराळा. उद्या कुणी उर्दूत टाइप केलेली यादी अपलोड केली आणि प्रोग्राम आपला इंग्रजी कॉमाच शोधत बसला, तर त्याला एकही सापडणार नाही. सगळी ओळ एकाच रकान्यात.

आणि आपला लाखाचा कॉमा? तोही आपला खास. इंग्रज-अमेरिकन लोक तीन-तीन आकड्यांवर कॉमा देतात. आपण पहिला तीनवर, मग दोन-दोनवर, कारण आपली मोजणी हजार, लाख, कोटी अशी जाते. सव्वा लाखात त्यांचा एक कॉमा, आपले दोन. तिकडं जर्मनीत वेगळीच तऱ्हा. तिथं कॉमा म्हणजे दशांश चिन्ह. साडेतीन ते ३,५ असे लिहितात. म्हणून तिकडच्या संगणकांवर एक्सेल सीएसव्ही काढताना कॉमाऐवजी अर्धविराम घालतं. नाव 'कॉमानं वेगळी केलेली फाइल', आणि आत कॉमाच नाही!

कार्डापासून फाइलीपर्यंत

मग लोकांनी कॉमा निवडला तरी का? त्याआधी काय होतं ते बघू.

१८९० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी भोकं पाडलेली कार्डं वापरली. पुढं १९२८ मध्ये आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड आलं. कार्डावर कुठल्या जागेपासून कुठल्या जागेपर्यंत काय येणार हे आधीच ठरलेलं असायचं. पहिल्या वीस जागा नावाच्या, पुढच्या दहा रकमेच्या, असं. म्हणजे आजोबांच्या घडीचंच भावंडं. मजकुरात कुठलंही चिन्ह येवो, फरक पडत नाही. पण एक जागा इकडची तिकडं झाली की पुढचं सगळं घसरलं.

१९७२ च्या सुमारास आयबीएमच्या फोरट्रान भाषेत अशी सोय आली की आकडे ठरावीक जागी बसवायची गरज नाही, मध्ये कॉमा किंवा मोकळी जागा सोडली तरी चालेल. टाइप करणाऱ्याला सोपं. आणि जे हाताला सोपं असतं तेच टिकतं, हे आपल्याला माहीतच आहे.

खरं तर संगणकवाल्यांनी घडीसारखं चिन्ह आधीच करून ठेवलं होतं. आस्की नावाच्या अक्षरांच्या यादीत २८ ते ३१ या क्रमांकांची चार चिन्हं फक्त माहिती वेगळी करण्यासाठी राखून ठेवली होती. ती कुणाच्या नावात येत नाहीत, रकमेत येत नाहीत. मग वापरली का नाहीत? कारण ती कीबोर्डवर नाहीत आणि स्क्रीनवर दिसत नाहीत. जे दिसत नाही आणि टाइप होत नाही त्यावर काउंटरवरची माणसं कामं करत नाहीत.

म्हणून कॉमाच चालला, आणि अनेक वर्षं प्रत्येकजण आपापल्या पद्धतीनं चालवत राहिला. ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० नावाचा कागद आला. सीएसव्हीची चालू रीत कशी आहे ते त्यात लिहून ठेवलं: मजकुरात कॉमा असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला, आणि मजकुरात अवतरणच असेल तर ते दोनदा लिहा. सगळा कागद आठ पानांचा. मी तो आधी वाचला असता तर मावशींना बाकड्यावर बसावं लागलं नसतं.

'चिन्ह तुम्हीच सांगा'

आता माझी गोष्ट पुढं नेतो, कारण मी एवढ्यावर थांबलो नाही. अजून तीन चुका केल्या.

पहिली दुरुस्ती झाली, अवतरण कळायला लागलं. मग विचार केला, पुढच्या वेळी कुणी अर्धविरामाची फाइल आणेल, कुणी टॅबची. म्हणून पानावर एक रिकामी चौकट ठेवली: 'तुमच्या फाइलीत कोणतं चिन्ह आहे ते लिहा.' वाटलं, आता जबाबदारी वापरणाऱ्याची.

पतसंस्थेतल्या संगणक सांभाळणाऱ्या ताईंनी टॅबची फाइल आणली. चौकटीत गेल्या, टॅबची कळ दाबली. कर्सर उडी मारून पुढच्या बटणावर! कारण वेबपानावर टॅबची कळ म्हणजे 'पुढं जा'. मी म्हणालो, "ताई, बॅकस्लॅश टी लिहा." त्यांनी लिहिलं. माझा प्रोग्राम फाइलीत खरोखरचा बॅकस्लॅश आणि खरोखरचा टी शोधत बसला. त्यांनी मग कुठून तरी खरा टॅब कॉपी करून चिकटवला. आणि माझ्या प्रोग्रामला मी आणखी एक चांगली सवय लावली होती, चौकटीतल्या मजकुराच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा छाटायची. टॅब म्हणजे मोकळी जागाच की! छाटला. हातात उरलं काहीच नाही.

"दादा, काय करायलं हे? मी लिहायले, हे खायलं!"

दुसरी चूक उभ्या रेघेची, | या चिन्हाची. ताईंनी ती निवडली, कारण ती कुणाच्या नावात येत नाही. विचार एकदम बरोबर. माझा प्रोग्राम जावामध्ये होता. जावामध्ये मजकूर तोडायची जी नेहमीची सोय आहे, ती दिलेलं चिन्ह साधं चिन्ह म्हणून घेत नाही, एक प्रकारचं सूत्र म्हणून घेते. आणि त्या सूत्रात उभ्या रेघेचा अर्थ 'किंवा' असा होतो. 'हे किंवा ते', पण इथं रेघेच्या दोन्ही बाजू रिकाम्या. म्हणजे 'काहीच नाही किंवा काहीच नाही' तिथं तोड. आणि काहीच नाही तर प्रत्येक अक्षराच्या मध्ये असतंच! मग 'पाथरी' गावाचं काय झालं? प वेगळा, काना वेगळा, थ वेगळा, र वेगळा, वेलांटी वेगळी. स्क्रीनवर नुसते काने-मात्रे पसरलेले. ताई हसायला लागल्या, मला हसू येईना.

तिसरी चूक मला स्वतःलाच सुचली. म्हटलं, आजोबांच्या आठवणीनं दंड वापरून बघू, । हा. घरी करून पाहिलं. पायथन भाषेनं मुकाट्यानं घेतला, तिला एक अक्षर हवं असतं आणि दंड हे एकच अक्षर आहे. पण पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात थेट फाइल भरायला गेलो तर त्यानं नकार दिला. त्याला चिन्ह एका बाइटचं लागतं, आणि आपलं देवनागरीतलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. माणसाला एक दिसणारी रेघ यंत्राच्या पोटात तीन तुकड्यांची असते. एकाला चालतं, दुसऱ्याला नाही. म्हणजे वापरणाऱ्याला 'काहीही निवडा' म्हणायचं आणि मागं कुठंतरी नकार लपवून ठेवायचा, हीसुद्धा फसवणूकच.

जाता जाता एक गोष्ट. २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत आपली जुनी पाव, अर्धा, पाऊण ही चिन्हं आली. आणि त्यांना दंडापासून वेगळे क्रमांक दिले गेले. कागदावर सारखीच दिसणारी रेघ, पण चार आणे वेगळे आणि वाक्याचा शेवट वेगळा. मुनिमाच्या डोक्यात जो फरक होता तो शेवटी यंत्रासाठी लिहून ठेवावा लागला. २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडात जागा मिळाली.

वाचून दाखवला, बरोबर आहे

तर शेवटी मी केलं काय?

चौकट काढली. तिच्या जागी स्पष्ट नावं दिली: कॉमा, अर्धविराम, टॅब, उभी रेघ. पाचवा पर्याय 'दुसरं चिन्ह', पण त्यात एकच अक्षर, आणि ते अवतरणचिन्ह किंवा ओळ संपवणारं चिन्ह नसावं. कुणी बॅकस्लॅश टी लिहिलंच तर त्याचा खरा टॅब करायचा. दिलेलं चिन्ह छाटायचं नाही, सूत्र म्हणून वाचायचं नाही, जसं दिलं तसं घ्यायचं. आणि ओळ स्वतः तोडत बसायचं नाही, अवतरण समजणारं तयार साधन वापरायचं. पायथनमध्ये असं साधन २००३ पासून आहे. त्यात चिन्ह कोणतं असेल त्याचा अंदाज बांधायची सोयही आहे. पण तो अंदाजच. मी तो फक्त सुचवण्यासाठी ठेवला, ठरवण्यासाठी नाही.

पण खरी दुरुस्ती यातली एकही नाही.

तुमच्यापैकी कुणी पोलीस ठाण्यात नाहीतर तहसीलला जबाब दिला असेल, तर त्याच्या शेवटी एक वाक्य असतं. जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, अशा अर्थाचं. मग सही, नाहीतर अंगठा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ते वाक्य आहे. सांगणारा तू, लिहिणारा मी, म्हणून मी काय समजलो ते तुला परत ऐकवतो. माझ्या पानावर हेच वाक्य राहून गेलं होतं.

आता फाइल आली की डेटाबेसात काहीही जाण्याआधी पहिल्या पाच ओळी रकाने पाडून स्क्रीनवर दिसतात. वर विचारलेलं असतं: 'आम्ही असं वाचलं. बरोबर आहे का?' ज्या ओळीचे रकाने कमी-जास्त भरतात ती बाजूला ठेवून दाखवायची, कोंबायची नाही. आणि खाली सगळ्या रकमांची बेरीज, वहीतल्या बेरजेशी ताळा करायला. हा ताळा मात्र मी शोधला नाही. आजोबांच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाला आहे. पहिल्याच दिवशी बेरीज पाहिली असती तर एक लाख चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांची तूट ओरडून सांगत होती.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार एवढंच. एक गोष्ट कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, हे फाइलीत लिहिलेलं नसतं. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. मोडीच्या सलग ओळीत, निजामाच्या काळातल्या नोंदीत, एक्सेलच्या यादीत, सगळीकडं तेच. म्हणून वाचणाऱ्यानं दोन कामं करायची. आधी विचारायचं, आणि मग वाचून दाखवायचं. नुसतं विचारलं तर माझ्या चौकटीसारखं होतं. जबाबदारी ढकलल्यासारखं.

नवं पान तयार झालं तेव्हा मी मावशींना मुद्दाम बोलावलं. ताईंनी फाइल अपलोड केली. पाच ओळी आल्या, त्यात त्यांची ओळ नव्हती, म्हणून खाली सरकवत सरकवत ती काढली. त्यांना मराठी अक्षर लावून लावून वाचता येतं. बोट स्क्रीनवर ठेवून त्यांनी नाव वाचलं, गाव वाचलं. रकमेपाशी थांबल्या. १,२५,०००. मधल्या दोन कॉमांवर बोट फिरवलं.

"सव्वा लाख," म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "आता बरोबर हाय."

त्या दिवशी त्यांनी पाणीही घेतलं आणि चहाही.

तर मंडळी, तुमच्या घरात जुनी वही असेल, मोडीतली, उर्दूतली, रेघांच्या आण्यांची, तर रद्दीत घालू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर ठेवा आणि विचारा, 'हे कुठं संपतं?' उत्तर रेकॉर्ड करून ठेवा, मोबाइल तर हातातच आहे. आणि तुमच्यापैकी कुणी कोड लिहीत असेल, तर उद्या एकदा आपल्या अपलोडच्या पानावर १,२५,००० टाकून बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग एका मुनिमाच्या नातवाला नक्की पाठवा. राम राम!